गुलनारची ड्रेसवाली

ती क्लिप तुम्ही पाहिलीच असेल. आमच्या गल्लीत प्लास्टिकच्या खुर्चीवर गुलनार बसलीय, हातात कॉफीचा कप, डोळ्यांत बेताचं पाणी, आणि वर लिहिलंय 'मोठ्या मनाची गुलनार'. तिच्या मागं ट्रे धरून एक पांढऱ्या मिशांचा माणूस उभा आहे, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून. तो मी. बयूमी. कैरोत पिरॅमिडच्या रस्त्यावरच्या स्टुडिओत माझं चहा-कॉफीचं कँटीन आहे आणि राहायला मी इथं उम्रानियाच्या वस्तीत. क्लिप आल्यापासून जो तो विचारतो, "काका, तुमचं तोंड असं का?" अरे, दुसरं कुठलं तोंड आणायचं होतं मी तिथं?

त्या क्लिपमध्ये गुलनार जिला 'माफ' करते, ती आमची इन्शिराह. समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहते. नवरा मिनीबस चालवायचा, तो तरुणपणीच गेला. मूलबाळ नाही. स्टुडिओत शिवणकामाला लागली आणि पुढं ड्रेसवाली झाली. म्हणजे नटीला कपडे चढवायचे, उतरवायचे, बटणं लावायची, जिथं कपडा सैल असेल तिथं आतून टाचायचा. अंगात कायम एक निळं बिनबाह्यांचं जाकीट, त्याच्या डाव्या छातीवर सेफ्टीपिनांची ओळ, आणि काम करताना दोन-तीन पिना ओठांत. त्यामुळं तिला बोलता यायचं नाही. मी तिला चिडवायचो, "पिना काढ की तोंडातल्या, जरा माणसासारखी बोल." ती पिनांच्या मधून म्हणायची, "म्हणून तर ठेवल्यात, बयूमीभाऊ."

खरंच म्हणूनच ठेवल्या होत्या. आमच्या धंद्यात ड्रेसवालीच्या हातात फार असतं. कुठल्या हिरोचं पोट पट्ट्यानं आवळलंय, कुणाच्या दंडावर नवऱ्याच्या बोटांचे वळ आहेत, कोण दिवस गेलेले लपवतेय, सगळं तिला दिसतं. मी कँटीनवाला, मला असल्या गोष्टी ऐकायला आवडतात, उगाच साव कशाला बनू. पण इन्शिराहकडून मला आयुष्यात एक अक्षर मिळालं नाही. एकदा फारच मागं लागलो तेव्हा म्हणाली, "कपडे बदलताना बाई उघडी असते. मी बघितलं ते तिथंच राहिलं. ते बाहेर आणलं तर मला कोण आपल्या खोलीत घेईल? आणि का घ्यावं?" झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तिचं सगळं आयुष्य त्या मुठीवर चाललं होतं. मोठमोठ्या नट्या दुसरी बाई नको म्हणून तिच्यासाठी अडून बसायच्या.

आणि गुलनार? गुलनार हे नाव निर्मात्यानं ठेवलं. आमच्यासाठी ती बसीमा, कोपऱ्यावर पालेभाजी विकणाऱ्या हमीदाची पोरगी. आई दिवसभर गाड्यावर, म्हणून पोरगी इन्शिराहच्या घरी. जेवायची तिथं, झोपायची तिथं. मोलोखियाच्या पाल्याचा रस्सा वाटीनं प्यायची आणि कॉफीत इतकी साखर घालायची की चमचा उभा राहावा. गर्दीच्या सीनला माणसं कमी पडली तेव्हा इन्शिराहनंच तिला स्टुडिओत आणलं. हाय हील घालून कसं चालायचं हे तिनं या गल्लीत शिकवलंय, वाळत घातलेल्या चादरींच्या मधून. पोरगी पडायची, आम्ही हसायचो, ती आम्हाला शिव्या घालायची. शिव्या मात्र तिला कुणी शिकवाव्या लागल्या नाहीत.

पुढं ती मोठी झाली, फार मोठी. साखर सोडली, गल्ली सोडली, आईला नव्या वस्तीत नेलं. हमीदा तिकडं करमत नाही करमत नाही म्हणत वारली. पण इन्शिराहला तिनं सोडलं नाही. दुसऱ्या कुणाचा हात अंगाला लागलेला तिला चालायचा नाही. कॅमेऱ्यापुढं जायच्या आधी तिला मळमळायचं, तेव्हा इन्शिराह तिची पाठ चोळायची. हे मी पाहिलंय. तिला त्रास नव्हता असं मी म्हणणार नाही. बाईला वीस वर्षांत साधं रस्त्यानं चालता आलेलं नाही. पण स्वतःला त्रास झाला म्हणून दुसऱ्याला जाळायचा परवाना मिळतो का?

आता त्या फोटोंचं सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मासिकात फोटो आले होते. गुलनार आपल्या मेकअपच्या खोलीत जमिनीवर बसलीय, केस सुटलेत, काजळ गालावर ओघळलंय. तिचा तलाक नुकताच झाला होता. सगळा देश हळहळला. तिचा जो पिक्चर थिएटरात माशा मारत होता तो भरून चालायला लागला. आणि सगळीकडं एकच चर्चा, त्या नालायक फोटोग्राफरला आत सोडलं कुणी.

कुणी सोडलं ते मला माहीत आहे. त्या खोलीत कॉफी मी नेली होती. फोटोग्राफर पायावर पाय टाकून सोफ्यावर बसला होता, त्याला भरपूर साखरेची. गुलनारला बिनसाखरेची, अशा कॉफीला आम्ही सादा म्हणतो. गुलनार आरशात बघून सांगत होती, डाव्या बाजूनं घे, उजवा डोळा सुजलाय. आणि इन्शिराहला म्हणत होती, "ताई, काजळ आणखी जरा खाली ओढ." इन्शिराहनं बोट ओलं केलं आणि काजळ खाली ओढलं. तिच्या ओठांत पिना होत्या. मी बाहेर आलो, ती मागोमाग आली, मला जिन्याखाली ओढलं आणि माझ्या आईच्या कबरीची शपथ घालायला लावली, की स्टुडिओत आणि पेपरवाल्यांपुढं याचा एक शब्द काढणार नाही. मी शपथ घेतली. तुम्ही स्टुडिओवाले नाही आणि पेपरवालेही नाही, म्हणून सांगतोय.

हे झालं, मागं पडलं. इन्शिराहचे गुडघे गेले तशी तिनं गुलनारची धावपळ सोडली आणि फिक्रियामॅडमकडं लागली. फिक्रियामॅडम जुन्या नटी, आता मालिकांत आज्ज्यांची कामं करतात, दिवसभर बसूनच असतात. इन्शिराहला ते बरं पडलं.

मग गुलनारनं स्वतःच्या आयुष्यावर पिक्चर काढायचा ठरवला. 'काचेतली बाई'. गोष्ट तिची, पैसा तिचा, काम करणारी तीच. प्रसिद्धी माणसाला कशी खाते यावर म्हणे पिक्चर. कोण खातं आणि कोण खाल्लं जातं हे मात्र तिनंच ठरवायचं. हातिम नावाचा दिग्दर्शक होता, केसांना तेल कमी आणि जिभेला जास्त. तो एक दिवस माझ्या कँटीनवर इन्शिराहला भेटला. "मावशी, पिक्चरमध्ये ड्रेसवाली आहे, अफाफ नावाची. तुमच्यावरूनच घेतलीय. तुमचं जुनं जाकीट देता का? अगदी खरं वाटायला हवं."

इन्शिराह लाजली. हो, त्या वयात लाजली. दुसऱ्या दिवशी जाकीट धुऊन, इस्त्री करून घेऊन आली. वर अफाफचं काम करणाऱ्या पोरीला बसवून शिकवलं, पिना ओठांत कशा धरायच्या, टोकं आत का बाहेर, गुडघा टेकून झालरीला टाका कसा घालायचा. मला म्हणाली, "बयूमीभाऊ, बसीमानं आठवण ठेवली बघ." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा कुणाला कळणार. मीसुद्धा खूश होऊन त्या हातिमला कॉफी पाजली. आठवलं की अजून हात शिवशिवतात.

रमझान ईदला पिक्चर लागला. ईदला सगळ्या गल्लीनं मिळून थिएटरात जायचं हा आमचा नेम. बायका काहक बिस्किटांचे डबे घेऊन, पोरं नव्या कपड्यांत, सगळे दुपारच्या खेळाला. इन्शिराहला मधोमध बसवलं, नवरीसारखं. पडद्यावर अफाफ आली, निळं जाकीट, पिनांची ओळ, आणि गल्लीनं शिट्ट्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं. "अगं बाई, इन्शिराह!" शेजारच्या रांगेतल्या लोकांनाही आमच्या बायका सांगायला लागल्या, ही बघा, ही आमची, ही खरी. इन्शिराह डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावून हसत होती.

आणि मग तो सीन आला. अफाफ मागच्या दारानं फोटोग्राफरला आत घेते. गुलनार जमिनीवर रडतेय, हिला खबरच नाही. अफाफ बाहेर येते, पाकीट घेते, जाकिटाच्या आत सरकवते आणि ओठांतली पिन काढून जाकीट वरून टाचते. तीच पिन, जी आमच्या इन्शिराहनं त्या पोरीला धरायला शिकवली होती. पुढं पडद्यावरची गुलनार आरशासमोर म्हणते, मला जगानं नाही मारलं, माझ्या घरातल्या हातांनी मारलं. थिएटरात लोक हुंदके देत होते. आमच्या रांगेत कुणी काहक चघळत होतं ते तसंच तोंडात राहिलं. इन्शिराह शेवटपर्यंत बसली. दिवे लागले तेव्हा बाजूच्या रांगेतली एक बाई वळून तिच्याकडं बघत होती, जिला आम्हीच मघाशी सांगितलं होतं की ही खरी.

चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण आग माझी, भाजली ती.

ईदनंतर स्टुडिओ उघडला तेव्हा फिक्रियामॅडमच्या ड्रायव्हरनं येऊन निरोप दिला, मॅडम म्हणतात तब्येतीला जपा, काही दिवस आराम करा. तिच्या जागी दुसरी बाई आलेली होती. इन्शिराह दुसऱ्या मजल्यावरून चालत गेली तर एकेका खोलीचं दार बंद होत गेलं. ज्या पोरींना तिनं पहिल्यांदा पोशाख चढवला त्या तिला बघून मोबाइल उलटा ठेवायला लागल्या. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी, असं एक जण माझ्याच कँटीनसमोर म्हणाली. मी तिच्या चहात काय टाकलं ते सांगत नाही. टाकलं एवढं खरं.

गल्लीतही कुजबुज. तोंडावर कुणी बोललं नाही, पण अंतरची आई, पोराच्या नावानंच ओळखतात तिला, आमच्या गल्लीतली सगळ्यात म्हातारी आणि तोंडानं सगळ्यात फटकळ, तिनं मला गाठलं. "खरं काय रे बयूमी? पाकीट घेतलं होतं का तिनं?"

"आजी, मी शपथेत आहे."

"शपथ कसली? घेतलं नसेल तर नाही म्हण."

"नाही घेतलं."

"मग घेतलं कुणी?"

मी दुसरीकडं बघायला लागलो आणि म्हातारी माझ्याकडं असं बघत राहिली की मीच पाकीट घेतलंय.

मी वर जाऊन इन्शिराहला म्हणालो, "अगं, आता तरी सांगू दे. नाहीतर तूच सांग. टीव्हीवाले दारात उभे आहेत, त्यांना सांग की तिनंच बोलावला होता त्याला."

ती खिडकीत बसून शाळेचे गणवेश शिवत होती. म्हणाली, "सांगते. मग?"

"मग काय, तू सुटशील."

"मग मी कोण झाले, भाऊ? ड्रेसवाली, जिनं खोलीतलं बाहेर सांगितलं. त्या पिक्चरमध्ये आणखी काय दाखवलंय?"

 असा पेच टाकला होता त्या गुलनारनं. खोटी ठरली तर नाव जातं, आणि खरी ठरायला तोंड उघडलं तरी नाव जातं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. इन्शिराह म्हणाली, "तिनंच म्हटलं पाहिजे. एक वाक्य. 'माझ्या ड्रेसवालीनं असं केलं नव्हतं.' बाकी काही नको. मी फोन केलाय." फोन तिनं रोज केला. उचलायची कुणी सेक्रेटरी, मॅडम मीटिंगमध्ये आहेत. त्या दिवसांत ती माझ्याकडून कॉफी प्यायची ती सादा. आयुष्यभर बेताच्या साखरेची पीत आली होती. मी विचारलं तर म्हणाली, गोड लागत नाही.

आणि मग निरोप आला. गुलनार गल्लीत येतेय, शुक्रवारच्या नमाजानंतर, इन्शिराहच्या दारात.

आमच्यात ज्यानं दुखावलं त्यानं दुखावलेल्याच्या दारात यायचं असतं. भांडण केवढंही असो, तो चार माणसांदेखत आला, खुर्चीवर बसला, चुकलं म्हणाला, की मिटलं. त्यामुळं गुलनार येतेय म्हटल्यावर सगळ्यांनी एकच अर्थ लावला. इन्शिराहनं तर काळा झगा काढून ठेवला आणि तपकिरी घातला. मला म्हणाली, "शरबत कर. लाल." लाल शरबत आमच्याकडं साखरपुड्याला, बाळाच्या बारशाला करतात. मी मोठी घागर भरून केलं, गुलाबपाणी घालून. पोरांनी गल्ली झाडली, पाणी मारलं, खुर्च्या मांडल्या. अंतरची आई पहिल्या रांगेत जाऊन बसली, काठी मांडीवर आडवी.

गाड्या आल्या. आधी कॅमेरावाले उतरले, मग हातिम उतरला, मग गुलनार. गल्लीतली पोरं किंचाळली, बाल्कन्यांतून मोबाइल बाहेर आले. गुलनारनं पांढरा साधा पोशाख घातला होता, साधा म्हणजे आमच्या सगळ्या इमारतीच्या भाड्याएवढा. ती इन्शिराहच्या गळ्यात पडली. हातिम म्हणाला, पुन्हा एकदा, उन्हाकडं तोंड करून. ती पुन्हा गळ्यात पडली. इन्शिराह बिचारी दोन्ही वेळा रडली.

मग गुलनार खुर्चीवर बसली, कॅमेऱ्याकडं वळली आणि बोलायला लागली. "माणसं चुकतात. गरिबी माणसाकडून काय काय करून घेते. मी या गल्लीतली आहे, मला माहीत आहे. म्हणून आज मी इथं, सगळ्यांसमोर, इन्शिराहताईला मनापासून माफ करते."

माफ करते.

मी शरबताच्या पेल्यांचा ट्रे घेऊन निघालो होतो, जागीच थांबलो. गल्लीतल्या निम्म्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचा काय दोष, समोर गुलनार. इन्शिराह मात्र सगळं समजली. तिचं रडणं नळ बंद करावा तसं थांबलं. ती उठली, माझ्याजवळ आली, ट्रेकडं बघितलं आणि म्हणाली, "हे परत घागरीत ओत. कॉफी आण. सादा. सगळ्यांना."

"सगळ्यांना?"

"एकालाही साखर नको."

आता सगळ्या घोळक्याला सादा कॉफी कधी देतात हे आमच्यातल्या पोरांनाही ठाऊक असतं. मयताच्या घरी. मी तिच्या तोंडाकडं बघितलं, तिथं विचारण्यासारखं काही नव्हतं. ती घरात जाऊन काळा झगा घालून आली. मी बिनकानाचे पांढरे कप काढले, जे मशिदीमागच्या मंडपात दुखवट्याला नेतो तेच, आणि वाटायला सुरुवात केली.

पहिला घोट अंतरच्या आईनं घेतला. तिनं माझ्याकडं बघितलं, मग इन्शिराहच्या काळ्या झग्याकडं. काठी खाली ठेवली आणि डोक्यावरचा रुमाल पुढं ओढला. तिच्या शेजारणीनं घोट घेतला, हातातल्या बांगड्या मागं सारल्या. एक एक रांग गप्प होत गेली. वरच्या बाल्कनीत कुणाचा तरी रेडिओ चालला होता तो बंद झाला. हातिम खूश, त्याला वाटलं लोक भारावले. मोठ्या माणसांच्या भावना कॅमेऱ्यात पकडायला आलेला हा, समोर मयत वाढलंय ते याला दिसेना.

गुलनारला कळेल असं मला वाटलं होतं. पहिल्या घोटाला कळेल. पण ती वर्षानुवर्षं बिनसाखरेचीच पीत आलेली. तिला वाटलं, आपल्या डाएटची सोय केलीय. तिनं निवांत कॉफी संपवली, कप माझ्या ट्रेमध्ये ठेवला, सगळीकडं बघून गोड हसली आणि म्हणाली, "दाइमन."

दाइमन म्हणजे नेहमी असंच मिळत राहो. कुणाच्या घरी खाल्लं-प्यायलं की म्हणतो आपण. आणि घरचं माणूस लगेच म्हणतं, तुझं आयुष्यही असंच राहो. न म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही. पण मयताच्या कॉफीवर दाइमन म्हणत नाहीत. तिथं कप ठेवायचा, मान खाली घालायची आणि गप्प राहायचं. नेहमी असंच काय मिळत राहो? मढी?

कुणी उत्तर दिलं नाही. एवढी भरलेली गल्ली आणि एक जण बोलेना. गुलनारचं हसू तसंच राहिलं, तिला ते कुठं ठेवावं कळेना. शेवटी अंतरची आई म्हणाली, "बाई, दुखवट्याच्या कॉफीवर दाइमन? तुझ्या आईनं तुला एवढंही शिकवलं नव्हतं?"

गुलनारनं आता कपांकडं बघितलं, काळ्या झग्याकडं बघितलं. आवाज खाली आला. "कोण गेलं?"

इन्शिराह म्हणाली, "बसीमा. हमीदाची बसीमा."

पुढचं मला कुणी नुसतं सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं. अंतरची आई उठली, काठी टेकत इन्शिराहपाशी आली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तिचं उरलेलं आयुष्य तुला लाभो." मयताच्या घरी जे म्हणतात तेच. तिच्यामागं दुसरी उठली, तिसरी उठली. "उरलेलं तुला लाभो, इन्शिराह." "चांगली पोर होती." "मोलोखिया वाटीनं प्यायची." एक एक बाई गुलनारच्या समोरून जात होती, तिच्याकडं न बघता, जशी ती खुर्ची रिकामी आहे. मघाशी टाळ्या वाजवणारेही रांगेत उभे होते. हातिम कॅमेरावाल्याच्या कानात सांगत होता, बंद करू नको, बंद करू नको.

गुलनार उठली.  ती इन्शिराहपुढं गेली, छातीवर हात ठेवला आणि भरल्या आवाजात म्हणाली, "ताई, बसीमा मेलेली नाही. ती इथं आहे. आत." आणि बोलता बोलता ती अर्धी वळली, डाव्या बाजूनं, कॅमेऱ्याकडं. सवय हो. श्वास घ्यावा तशी.

इन्शिराहनं हात पुढं केला. मला वाटलं थोबाडीत देतेय आणि मी मनात म्हणालो, दे. पण तिनं गुलनारच्या गळ्यापाशी कपड्याच्या घडीत दोन बोटं घातली आणि तिथं लावलेला चिमुकला माइक काढला. कुठं लावतात ते तिच्याशिवाय कुणाला माहीत, हजार वेळा तिनंच लावलाय. वायरीसकट तो माझ्या ट्रेमधल्या कपात टाकला, गुलनारच्याच, खालच्या काळ्या गाळात.

"आता म्हण," ती म्हणाली.

आम्ही सगळे थांबलो. मीसुद्धा थांबलो, आणि खरं सांगतो, त्या क्षणी ती ते एक वाक्य बोलली असती तर मी तिला माफ केलं असतं. गुलनारनं इन्शिराहकडं बघितलं. मग कपाकडं बघितलं.  आणि म्हणाली,

"ताई, माइक भिजेल."

इन्शिराह वळली आणि जिना चढून गेली. गाड्या गेल्या. माइक मी चिमट्यानं काढून त्यांच्या माणसाकडं फेकला.

क्लिपमध्ये त्यांनी पुढचं सगळं कापलं. पण 'दाइमन' ठेवलं, त्या मूर्खांना ते फार घरगुती वाटलं. तिथंच फसले. कैरोत दाइमनला उत्तर मिळालं नाही हे शेंबड्या पोराच्याही ध्यानात येतं. लोकांनी बिनकानाचे कप बघितले, इन्शिराहचा काळा झगा बघितला, माझं हे तोंड बघितलं आणि खाली एकच प्रश्न विचारायला लागले, कोण मेलं? आमच्या गल्लीतल्या पोरांनी उत्तर लिहिलं, बसीमा. मग बसीमा कोण, आणि तिला काय झालं, हे ज्यानं त्यानं आपापलं शोधलं. इन्शिराहकडं टीव्हीवाले पुन्हा आले. तिनं त्यांना गणवेशाची बटणं दाखवली आणि दार लावलं.

पुढच्या आठवड्यात फिक्रियामॅडमची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. ड्रायव्हर वर गेला, मॅडमनी बोलावलंय म्हणाला. इन्शिराहनं सुईत दोरा ओवत सांगितलं, "मॅडमना म्हणावं, मी चौथ्या मजल्यावर राहते."

मी खाली उभा होतो, मला वाटलं, संपलं. पण गाडीचं दार उघडलं. ऐंशीला टेकलेली बाई, गुडघे इन्शिराहपेक्षा वाईट, एका हातानं कठडा आणि एका हातानं माझा खांदा धरून चढली. प्रत्येक मजल्यावर थांबून मला शिव्या देत होती, जशी इमारत मी बांधलीय. वर पोचल्यावर तिला बोलायला दम नव्हता. खुर्चीवर बसली, रुमालानं तोंड पुसलं.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "एवढं झालं, तरी तू तोंड उघडलं नाहीस. आणि मी दार लावलं. माझ्या खोलीत परत ये."

इन्शिराहनं हातातला गणवेश बाजूला ठेवला. माझ्याकडं वळली. "बयूमीभाऊ, कॉफी कर."

"कशी?" मी विचारलं. विचारताना मला भीती वाटली.

"बेताच्या साखरेची. दोघींना."

मी केली. दूध उतू जाऊ नये तशी नजर ठेवून केली. मॅडमनं हळूहळू पिऊन संपवली, कप खाली ठेवला, आणि जरा घाबरतच इन्शिराहकडं बघून म्हणाली, "दाइमन."

इन्शिराहनं दोन पिना ओठांत धरल्या होत्या. त्या तिनं काढल्या, जाकिटाला लावल्या आणि म्हणाली, "तुमचं आयुष्यही असंच राहो."